सगुणेचा हेल

कोंडिबाला नाटकाचं वेड लागलं तेव्हा त्याचं वय काही वेड लागायचं राहिलं नव्हतं. तिशी उलटली होती, पदरात दोन मुली होत्या, वेल्ह्याच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी भाताची खाचरं होती आणि वर डोंगरउताराला नाचणी. अशा माणसानं फार तर भजनात टाळ धरावा. पण एका वर्षी रामनवमीच्या उत्सवाच्या मांडवासाठी त्यानं भोरला गाडीभर बांबू नेले, आणि बांबू उतरवून माघारी फिरायचं सोडून तो मांडव बांधायला थांबला. मांडव झाला तसा नाटकाचा रंगमंच बांधायला थांबला. रंगमंच उभा राहिला तेव्हा कुणीतरी त्याच्या हातात पडद्याचा दोर दिला आणि तिथं तो जो अडकला तो अडकलाच.

नाटक भोरच्या हौशी मंडळींचं होतं. मंडळींत सगळे कारकून आणि मास्तर, एखाददुसरा वकील. म्होरके होते नारायणराव. हेही कचेरीत कारकूनच, अंगानं काटकुळे, पण तालमीला उभे राहिले की फौजदार बरा म्हणावा असे. नाटक त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं. त्यात यमुना नावाची एक तरुण आई होती. तिचा मधू तिसऱ्या अंकात तापानं जायचा आणि तिच्या रडण्यावर पडदा पडायचा. पहिल्या प्रयोगाला तो पडलाच नाही. यमुनेचं काम करणारा रघुवीर कापडी बाहुलीवर पालथा पडून वाट बघत राहिला, नारायणराव विंगेतून हातवारे करून थकले, आणि कोंडिबा हातात दोर धरून ढसाढसा रडत उभा. शेवटी पेटीवाल्यानं उठून त्याच्या हातातला दोर ओढून घेतला.

दुसऱ्या कुणी त्याला त्याच दिवशी वेल्ह्याच्या वाटेला लावलं असतं. नारायणरावांनी नुसतं विचारलं की बाबा रे, तुला एवढं काय झालं होतं. कोंडिबा म्हणाला की मला वाटलं, पोरगं उठेल आता, म्हणून थांबलो. नारायणरावांना हसू आलं आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

मग दरसाल सुगी आटोपली की कोंडिबा भोरला यायचा आणि रामनवमीपर्यंत मंडळींच्या मागे असायचा. गॅसबत्ती भडकू न देता कशी चालवायची, तोंडाला लावायचा सफेदा पाण्यात किती पातळ करायचा, पडदा दुःखाला हळू आणि हशाला झटकन का सोडायचा, हे सगळं तो शिकला. खाचरात चिखल तुडवतानाही त्याच्या तोंडी संवाद असायचे. त्याला अक्षरओळख होती ती सहीपुरती. पण दोर धरून उभं राहता राहता अख्खं नाटक, सगळ्यांची कामं, त्याच्या डोक्यात बसलं होतं.

तिसऱ्या वर्षी रघुवीरचं लग्न ठरलं आणि सासऱ्यानं बजावलं की जावई लुगडं नेसलेला मला चालायचा नाही. यमुना कोण करणार म्हणून मंडळी डोक्याला हात लावून बसली. नारायणरावांनी कोंडिबाकडे बोट दाखवलं. दोघातिघांनी नाकं मुरडली, डोंगरातल्या कुणब्याला यमुना करायचं म्हणजे काय, असं एकजण तोंडावरच बोलला. "मला यमुना हवी आहे, सोयरीक जुळवायची नाही," नारायणराव म्हणाले, आणि तो विषय संपला.

शिकवायचं काम रघुवीरनं घेतलं, आणि मन लावून केलं. बाई उठते तेव्हा आधी पदर उठतो, मग बाई. बाई दार उघडते ते आधी कानानं. असं तो सांगायचा आणि करून दाखवायचा. बोलणं घासूनपुसून भोरचं करायला एक सबंध हिवाळा गेला. नांगराची मूठ, रुमणं, धरून धरून घट्टे पडलेले हात कोंडिबाला कुठं लपवू नि कुठं नको असं व्हायचं. घरी तो बांधावरून पाऊल आखडून चालायचा सराव करायचा, आणि त्याची बायको अंबू गवताचा भारा खाली टाकून हसत सुटायची, म्हणायची, घरात मी एक बाई होते ती पुरे नव्हती का. मिशी काढावी लागली. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत, तो कधीच वारलेला होता म्हणून शास्त्राला हरकत नव्हती, तरी त्याची आई धोंडाबाई दोन दिवस त्याच्या तोंडाकडे बघेना.

सगळं जमलं, एक रडणं जमेना. दुसऱ्याच्या रडण्यानं पाझर फुटणारा हा माणूस स्वतः रडायला बसला की लाकडाचा व्हायचा. हुंदके मोजून यायचे. नारायणराव पाहून पाहून चिडले. "तू रडत नाहीस, रडल्याची वर्दी देतोस," ते म्हणाले. "मेलेल्या घरी कधी गेला नाहीस? रडणारं माणूस नीट बघ. रडं कुठून निघतं, श्वास कुठं तुटतो, हात काय करतात, ते बघ जरा."

त्या हिवाळ्यातच कोंडिबाच्या धाकट्या बहिणीचा, सगुणेचा मुलगा गेला. सगुणा किकवीला दिलेली. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेला एकुलता एक गेनू, चार वर्षांचा, दोन दिवसांच्या तापात गेला. दिवस झाल्यावर मन जरा पालटावं म्हणून धोंडाबाईनं तिला माहेरी आणवलं.

त्या भागात बाई मुक्यानं रडत नाही. गळ्यात पडून, हेल काढून रडते, आणि त्या हेलात मेलेल्या माणसाला हाका असतात, त्याच्या आठवणी असतात, जे करायचं राहिलं ते असतं. शब्द कुणी शिकवलेले नसतात. ज्या बाईचा हेल, तो तिचाच असतो. चारचौघींत काय म्हणावं आणि आपल्या माणसापाशी काय म्हणावं हेही बाईला कळतं. किकवीत सगुणेनं चारचौघींसारखा हेल काढला होता. खरा हेल तिनं आईच्या घरात, चुलीपुढं, दार लोटून काढला.

"गेनबा रं," ती म्हणत होती, "गुळाचा खडा मागितलास रं, म्या दिला न्हाई रं... पावन्यांसाठी ठिवला रं, तुझ्या हातावर मारलं रं... मडकंभर गूळ हाय रं, खाणारा कुठं गेला रं..."

आणि ज्या हातानं मारलं तो उजवा हात ती सारवलेल्या भुईवर आपटत होती, मग घाशीत होती, भुईचं सारवण निघून खालची माती लागेपर्यंत.

कोंडिबा पडवीत बसला होता. दार नीट लागलेलं नव्हतं, सगळं दिसत होतं. गेनू त्याच्याही खांद्यावर खेळलेला भाचा. त्याचे डोळे भरून आले आणि तेवढ्यात, कसं कोण जाणे, त्याला दिसलं की सगुणा श्वास 'रं' म्हणायच्या आधी घेत नाही, म्हणून झाल्यावर घेते. म्हणून शेवटचं अक्षर ओढलं जातं आणि मध्येच तुटतं. हे दिसल्याबरोबर त्याचे डोळे कोरडे झाले. तो आणखी नीट बघू लागला. मान कशी जाते, पदर कधी खांद्यावरून सुटतो. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की पडवीच्या भुईवर आपलाही हात तसाच फिरतो आहे.

त्याला स्वतःची किळस आली. उठून तो गोठ्यात गेला आणि बैलापुढं वैरण टाकत बसला. बहीण आत ऊर फोडून रडते आहे आणि आपण तिचा श्वास मोजतो आहोत, असा कसा आपण भाऊ, असं त्याच्या मनानं त्याला खडसावून विचारलं. पण पाहिलेलं न पाहिलेलं करता येत नाही, आणि खरं सांगायचं तर ते विसरावं असं त्याला वाटतही नव्हतं.

पुढच्या तालमीत तिसऱ्या अंकाला कोंडिबा बाहुलीपुढं बसला आणि नारायणरावांनी लिहिलेलं भाषण तोंडातच राहिलं. हात फळीवर आपटला, घासू लागला, आणि गुळाच्या खड्यासकट सगळा हेल बाहेर आला. बदललं ते एक नाव. गेनबाचा मधू झाला. पेटीवाल्याची पेटी थांबली. नाकं मुरडणारे वकीलसाहेब चष्मा पुसू लागले. नारायणराव जवळ आले आणि त्यांनी विचारलं की हे कुठून आणलंस.

"सुचलं," कोंडिबा म्हणाला.

एवढा एकच शब्द. पुढं कितीदा तरी त्याला वाटलं की त्या वेळी खरं सांगितलं असतं तर नारायणरावांनीच ते काढून टाकलं असतं, तसा भला माणूस होता तो. पण आयुष्यात पहिल्यांदा शिकलेसवरलेले लोक त्याच्याकडे मान वर करून बघत होते.

रामनवमीच्या प्रयोगाला यमुनेनं भोर हलवलं. बायकांच्या बाजूला हुंदके आवरेनात. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाताना लोक कोंडिबाला बोट करून दाखवू लागले. वाण्यानं त्याला बसायला पोतं दिलं. वेल्ह्यातही बातमी पोचली आणि गावकऱ्यांनी ठरवलं की औंदाच्या जत्रेला तमाशा नको, आपल्या कोंडिबाचं नाटक पाहिजे.

आता मात्र कोंडिबा पेचात पडला. जत्रेला माहेरवाशिणी येणार. किकवीची सोयरी मंडळी येणार. नाही म्हणावं तर कारण काय सांगायचं, आणि नाही म्हणायला जीवही धजेना, कारण ज्या गावानं त्याला बांधावर बायकी चालताना हसून घेतलं होतं त्या गावाला त्याला दाखवायचं होतं. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं की इथं गूळ नाही, हात नाही. नारायणरावांनी लिहिलेलं साधं भाषण म्हणायचं. त्यानं तसं त्यांना सांगितलंही. ते चकित झाले, तोच तर नाटकाचा जीव आहे म्हणाले, का गाळतोस म्हणून विचारलं. कोंडिबा पडद्याचा दोर गुंडाळू लागला. तुझं गाव आहे, तुझं तू बघ, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

मंडळी नसरापूरपर्यंत मोटारीनं आणि तिथून बैलगाड्यांनी आली. देवळापुढच्या पटांगणात कोंडिबानं सात-आठ गाड्या एकीला एक जोडून, चाकांना दगड लावून, वर फळ्या ठोकून रंगमंच उभा केला. भोरचा रंगीत पडदा बांबूवर चढला तेव्हा गाव नुसतं पडदा बघायला गोळा झालं. संध्याकाळपासून लोक घोंगड्या टाकून जागा धरून होते.

आणि कोंडिबा लुगडं नेसून पुढं आला मात्र, पटांगण फुटलं. हसू कुठून सुरू झालं कळेना. कुणी त्याला कोंडाबाई म्हणून हाक मारली, कुणी विचारलं अंबूचं लुगडं आहे का, तरणी पोरं शिट्ट्या मारू लागली. पहिला अंक हसण्यात गेला. दुसरा गेला. लोकांचं चुकलं असंही नाही. कालपर्यंत ज्याच्या बैलाशी आपला बैल जुंपला त्याच्या नाकात नथ बघून कोण गप्प बसेल. तिसऱ्या अंकात मधू गेला तरी हसू चाललंच होतं, आणि बाहुली बघून तर अधिकच वाढलं. विंगेत नारायणराव तोंड पाडून उभे होते.

कोंडिबानं साधं भाषण सुरू केलं. त्यावर एकानं मागून रडण्याची नक्कल केली आणि सगळे खिदळले. कोंडिबाला आपलंच बोलणं ऐकू येईनासं झालं. तीन-चार वर्षांची मेहनत, मिशी, रघुवीरची शिकवण, सगळं आपल्याच गावाच्या पायदळी चाललं होतं. नाटक वाचावं म्हणून त्यानं पुढचं केलं असं तो नंतर स्वतःला सांगू बघायचा, पण ते त्याला पटायचं नाही. त्यानं ते स्वतःसाठी केलं. तो बाहुलीपुढं मटकन बसला, उजवा हात फळीवर आपटला आणि म्हणाला, "गुळाचा खडा मागितलास रं..."

हसू गेलं. दुसऱ्या ओळीला पटांगण चिडीचूप झालं. तिसऱ्या ओळीला बायकांत कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. आणि मग कोंडिबाला दिसलं की किकवीकडच्या बायकांच्या माना एकेक करून वळताहेत. हाताचं ते घासणं किकवीतही कुणीतरी पाहिलं असणार. चार वर्षांचं पोर, ताप, आणि वर रडणारा सगुणेचाच भाऊ. जोडायला अवघड काय होतं. गॅसबत्तीच्या उजेडात त्यांच्या मधोमध सगुणा बसली होती. शेजारी तिची सासू. सगुणा रडत नव्हती. ती सरळ त्याच्याकडे बघत होती आणि तिनं आपला उजवा हात पदराखाली घेतला होता.

तो थांबू शकला असता. अजून दोन ओळी राहिल्या होत्या. त्यानं त्या म्हटल्या, आणि चांगल्या म्हटल्या. पडदा पडला तेव्हा जे ओरडणं नि टाळ्या सुरू झाल्या त्यानं देवळावरचे पारवे उडाले.

घरी गेल्यावर धोंडाबाई त्याला एवढंच म्हणाली, "तिचं तिच्यापाशी राहू द्यायचं हुतंस." सगुणा सासूबरोबर गाडीत बसून परस्पर निघून गेली होती.

त्या दिवाळीला ती भाऊबीजेला आली नाही. घरात कामं आहेत असा निरोप आला. कोंडिबा स्वतः आंबेमोहोराचं पोतं घेऊन किकवीला गेला. वाटभर तो काय बोलायचं ते घोकत होता, आणि घोकता घोकता आपण संवाद पाठ करतो आहोत असं वाटून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगुणेनं पाय धुवायला पाणी दिलं, चहा केला, मुलींची चौकशी केली. ती शिव्या देईल, रडेल, निदान तोंड फिरवील, अशी त्याची तयारी होती. तिनं तसलं काही केलं नाही.

"सगुणे, माझं चुकलं," तो म्हणाला.

"समद्यांनी नावाजलं की, दादा," ती म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.

बाकीचं त्याला आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. सासूनं जत्रेहून परतताना गाडीत एकदाच विचारलं होतं की पोराला मारलं होतंस का, आणि सगुणा हो म्हणाली होती. सासू वाईट नव्हती, पुन्हा त्यावर बोलली नाही. पण त्या घरात तिच्यासमोर कुणी गुळाचं नाव काढेना. पाणवठ्यावर बायका विचारायच्या की तुमचा भाऊ करतो तसंच तुम्ही रडता का हो. त्यात वाकडेपणा नसायचा, नुसतं कौतुक. तेव्हापासून आळीत कुठं मयत झाली की सगुणा जायची, बायकांत बसायची, पदर पुढं ओढायची आणि गप्प राहायची. तोंड उघडलं की सगळ्या आपल्याकडेच बघणार, हे तिला ठाऊक झालं होतं. गेनूच्या वर्षश्राद्धालाही तिचा आवाज कुणी ऐकला नाही.

आता कुणाला वाटेल की कोंडिबानं नाटक सोडलं असेल. नाही सोडलं. कानाला खडा लावून घरी बसला असता तर त्याची गोष्ट बरी दिसली असती. पण माघ लागला की त्याचा जीव घरात रमेना. भोरला मंडळी त्याची वाट बघायची, वेल्ह्यात कोण बघत होतं. तो जायचा, मिशी काढायचा, तिसऱ्या अंकाला फळीवर हात घासायचा. हात घासताना दरवेळी त्याला पदराखाली गेलेला सगुणेचा हात दिसायचा. त्यानं रडणं आणखीच खरं व्हायचं. यंदा अधिक रंगलं, असं नारायणराव दरवर्षी म्हणायचे, आणि ती शाबासकी घेताना कोंडिबाला चोरीच्या पैशावर व्याज मिळाल्यासारखं वाटायचं.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका माघात, तालमी चालू असताना, धोंडाबाई गेली. निरोप भोरला आला आणि कोंडिबा रात्रभर चालून पहाटे घरी पोचला. न्हाव्यानं डोकं केलं. मिशी काढायची वेळ आली तेव्हा वस्तरा तसाच धरून तो क्षणभर थांबला, कारण मिशी यमुनेसाठी आधीच गेलेली होती. कोंडिबाला भावकीकडे बघवेना.

आईला अंगणात ठेवलं होतं आणि सगळे सगुणेसाठी खोळंबले होते. लेक येते ती शिवेपासून हेल काढत येते. तो हेल ऐकू आला की दारातल्या बायका उठतात, तिला गळ्यात घेतात, आणि मग सगळं घर रडून मोकळं होतं. कुणाचेच कान दुसऱ्या कशाकडे नव्हते. ऊन अंगणात आलं. गाडी आल्याचं कळलं ते बैलांच्या घुंगरांवरून. सगुणा उतरली, चालत आली, आईच्या उशाशी बसली. तोंडातून शब्द नाही.

चुलती सखूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, रड बाई, मोकळी हो. दुसरी म्हणाली, लेकीचं रडणं ऐकल्याशिवाय म्हातारी कशी जाईल. सगुणा आईच्या कपाळावरचे केस सारखे करत राहिली. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि कोंडिबालाही कळत होतं की त्यांतल्या निम्म्या दुःखानं बघताहेत आणि निम्म्या ऐकायला बसल्याहेत. ते कुणामुळे, हेही कळत होतं.

मग सगुणेनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"दादा, तूच रड," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझं रडनं तुझ्यापाशी हाय."

कोंडिबाचं तोंड उघडलं. आईसाठी त्याच्यापाशी स्वतःचं काहीतरी असायला हवं होतं, तो ते शोधत होता, पण बाहेर आला तो सगुणेचा श्वास, अक्षर म्हणून झाल्यावर घेतलेला, आणि तो तुटलाही तिथंच. बायकांना तेवढं पुरलं. अंगण रडायला लागलं. त्यानं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं आणि आईच्या पायाशी तसाच बसून राहिला, तिरडी उचलायला माणसांनी त्याला उठवीपर्यंत.

तेराव्यानंतर सगुणा निघाली तेव्हा तो तिच्या गाडीमागं शिवेपर्यंत चालत गेला. तिचा नवरा बैलांना पाणी पाजायला ओढ्याकडे वळला, तेवढी सवड मिळाली. कोंडिबानं तिला सांगितलं की नाटक सोडलं. आता वर्षाचा दुखवटा आहे, त्या निमित्तानं कायमचं सोडलं. हे सांगितल्यावर ती काहीतरी बोलेल, जे इतकी वर्षं बोलली नाही ते, असं त्याला वाटत होतं. माफ केलं म्हणेल असंही, लाजत लाजत, वाटत होतं.

सगुणेनं ओढ्याकडे, नवऱ्याकडे एकदा पाहून घेतलं.

"सोडू नगंस," ती म्हणाली. "म्या लई डाव रडाया बसून बघितलं. मला आता येत न्हाई. वरसातनं एकदा गेनूसाठी कुनीतरी रडतंय, तू त्ये बी बंद केलंस तर त्याच्यामागं काय ऱ्हायलं?"

तो काही बोलायच्या आत नवरा बैल घेऊन आला आणि ती गाडीत चढली.

त्या वर्षी रामनवमीला कोंडिबा लुगडं नेसला. वेल्ह्यात लोक थुंकले. आईची राख निवली नाही आणि हा नथ घालून नाचतो, असं भावकीनं त्याच्या तोंडावर म्हटलं, अंबूनं दोन दिवस त्याला वाढलं नाही, नारायणरावांनीसुद्धा एक वर्ष थांब म्हणून परोपरीनं सांगून पाहिलं. कुणी करायला सांगितलं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या अंकाला तो बाहुलीपुढं बसला आणि त्यानं हाक मारली ती गेनबाला. विंगेत नाटकाची वही घेऊन बसलेल्यानं चूक झाली असं समजून खालच्या आवाजात मधू, मधू असं दोनदा सुचवलं. कोंडिबानं ते ऐकलं, उजवा हात फळीवर टेकवला आणि पुन्हा गेनबाच म्हणाला.